आमच्या वतीने संमती कोणी दिली? मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातून निवडून गेलेले सर्व ४६ आमदार आणि ८ खासदार यांना,

स. न. वि. वि.

हे पत्र लिहायला एक अंगठा निमित्त झाला. गेल्या वर्षी रहिवासी दाखल्यासाठी मी आमच्या ग्रामपंचायतीत गेले होते. ग्रामसेवक बाहेर गेले होते आणि टेबलावर ग्रामसभेचे प्रोसिडिंग उघडे पडले होते. २६ जानेवारीच्या सभेच्या हजेरीत माझे नाव होते आणि नावापुढे शिक्क्याच्या पॅडवरच्या जांभळ्या शाईत एक अंगठा उमटवलेला होता. त्या दिवशी मी नांदेडला, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यावर पट्टी बांधून, मुलीच्या घरी होते. गैरहजर असताना हजर दाखवल्याचे दुःख आहेच, पण त्या अंगठ्याने मला अधिक दुखावले. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे ज्या बाईने या गावाच्या दोन पिढ्यांना सही गिरवायला शिकवली, तिच्या नावापुढे गावानेच अंगठा उठवला. पान उलटले तर आठ ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ होते. त्यांतला एक गायरानावरच्या प्रकल्पाला ना-हरकत देणारा होता, म्हणजे कागदोपत्री त्यालाही माझी संमती होती. विचारल्यावर उत्तर मिळाले, “बाई, कोरमच भरत नाही, आम्ही तरी काय करावं?”

आपण म्हणाल, हे गाऱ्हाणे सरपंचाकडे किंवा पंचायत समितीत न्यावे, आमदार-खासदारांना पत्र कशाला. मलाही आधी तसेच वाटले होते. मग २६ नोव्हेंबर आला. संविधान दिनाला शाळेने मला जुन्या बाई म्हणून बोलावले होते. मुलांनी उद्देशिका पाठ म्हटली, चुका न करता म्हटली, आणि कार्यक्रम संपताना सातवीतल्या एका मुलीने मला बाजूला घेऊन विचारले, “बाई, ‘आमच्या संविधानसभेत’ असं आपण म्हणतो. त्या सभेत आपल्याकडचं कोण होतं?” मी इतकी वर्षे ती उद्देशिका मुलांकडून म्हणवून घेतली आणि ‘आमच्या’ या शब्दावर एकदाही थांबले नाही. त्या मुलीला मी तेव्हा धड उत्तर दिले नाही. घरी येऊन तिच्यासाठी जे टिपण काढले, त्याचेच हे पत्र झाले आहे. आपल्याला लिहिण्याचे कारण असे की, तेव्हा ज्या जागा रिकाम्या राहिल्या, त्यांच्या जागी आज आपण बसला आहात.

संविधानसभेची, म्हणजेच घटना समितीची, पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत भरली. साधारण दहा लाख लोकसंख्येमागे एक सदस्य असे प्रमाण ठरले होते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४१ च्या जनगणनेनुसार या संस्थानाची लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या घरात होती, म्हणून संस्थानाच्या वाट्याला १६ जागा आल्या. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या तेव्हाच्या पाच जिल्ह्यांची माणसे मोजली, तर त्यांतल्या चारेक जागा मराठवाड्याच्या ठरल्या असत्या. त्या १६ जागांवर शेवटपर्यंत कोणी बसले नाही. बाकीच्या महाराष्ट्राची माणसे मात्र त्या समितीत होती. काकासाहेब गाडगीळ होते, केशवराव जेधे होते, शंकरराव देव आणि बाळासाहेब खेर होते. फाळणीमुळे बंगालमधली जागा गेल्यावर डॉ. आंबेडकर मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले होते आणि वऱ्हाडातून डॉ. पंजाबराव देशमुख होते. माझे गाव हदगाव तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर आहे. पलीकडचा काठ उमरखेडचा, म्हणजे वऱ्हाडाचा. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून ओलांडता येणाऱ्या या नदीच्या एका काठाला राज्यघटना घडवणाऱ्या सभागृहात आवाज होता आणि दुसऱ्याला नव्हता.

निजामाने सदस्य पाठवले असते तरी ते नेमके कोणाचे असते, हा प्रश्न उरतोच. संस्थानांच्या निदान निम्म्या जागा लोकांच्या प्रतिनिधींनी भराव्यात, अशी तडजोड १९४७ च्या सुरुवातीला झाली होती. पण ज्या राज्यात सभा भरवायची तर ‘गश्ती निशान ५३’ या सरकारी परिपत्रकाप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे आणि जिथे स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्येच बंदी आली होती, तिथे लोकांचा प्रतिनिधी निवडायचा कोणी आणि कसा? प्रांतांतूनही सदस्य थेट जनतेने निवडलेले नव्हते. कर, मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींवर मिळणाऱ्या मर्यादित मताधिकारातून आलेल्या विधिमंडळांनी ते निवडले होते. अशा सभेने साऱ्या जनतेच्या नावाने घटना करावी का, हा प्रश्न दामोदर स्वरूप सेठ यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये खुद्द त्या सभागृहात उभा केला होता. तेव्हा सभागृहात जो प्रश्न विचारता आला, तो आज गावच्या शाळेत विचारला म्हणून कोणी कपाळाला आठ्या घालू नयेत, एवढ्यासाठी हा उल्लेख केला.

तरीही त्या समितीने लोकांना विचारण्याची एक रीत ठेवली होती, आणि माझे खरे दुखणे तिथे आहे. मसुदा समितीने २१ फेब्रुवारी १९४८ रोजी आपला मसुदा अध्यक्षांना सादर केला आणि तो लगेच छापून लोकांपुढे ठेवण्यात आला. प्रांतिक सरकारे, संस्था आणि सामान्य नागरिक यांच्याकडून आलेल्या सूचना समितीने तपासल्या. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सभागृहात मांडताना डॉ. आंबेडकरांनी सांगितले की तो आठ महिने लोकांसमोर आहे आणि मित्र, टीकाकार, विरोधक या सर्वांना मत देण्यास पुरेसा अवधी मिळाला आहे. देशापुरते हे अगदी खरे होते. आता तेच आठ महिने आमच्याकडचे पाहा.

त्या फेब्रुवारीत मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी उमरीच्या बँकेवर केलेल्या हल्ल्याला, म्हणजे ३० जानेवारीच्या त्या दिवसाला, महिनाही झाला नव्हता. लातुरात वकिली केलेल्या कासिम रझवीचे रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक, गावोगाव फिरत होते. सरहद्दीवर मुक्तिसंग्रामाचे कॅम्प होते आणि आमच्या भागातली माणसे नदी ओलांडून उमरखेडच्या कॅम्पकडे जात होती. त्यांत माझी आजी होती. तेव्हा तिचे वय सतरा-अठराचे असेल. एका रात्री दोन लुगडी, पितळी तांब्या आणि पदरात बांधलेले पेरणीचे बी घेऊन ती पैनगंगा उतरली. बी का घेतले, असे मी लहानपणी विचारले, तेव्हा ती म्हणाली होती, “पाऊस पडल्यावर परत यायचं व्हतं की.” पाऊस पडला, पण त्या वर्षी आमच्या रानात पेरणी झाली नाही. परत येणे झाले ते १७ सप्टेंबरनंतर, भारतीय सैन्याच्या कारवाईने, म्हणजे पोलीस ॲक्शनने, संस्थान मुक्त झाल्यावर. देशाला मसुद्यावर मत द्यायला मिळालेले आठ महिने आमच्या माणसांनी असे काढले. आजीला त्या मसुद्याचे नावही ठाऊक नव्हते. पुढे कितीतरी वर्षांनी मी डी.एड.चा अभ्यास मोठ्याने करताना ‘घटना समिती’ म्हटले, तर ती चुलीपासून म्हणाली, “कोन्ती घटना घडली गं?” मी हसले होते. आता त्या हसण्याची लाज वाटते.

आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर तर काही अडचण नव्हती. मसुद्यावरची कलमवार चर्चा त्यानंतरच सुरू झाली आणि ऑक्टोबर १९४९ पर्यंत चालली. ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. काश्मीरचे चार सदस्य १६ जून १९४९ रोजी उशिराने का होईना येऊन बसले. या काळात प्रेक्षक सज्जात ५३,००० लोक येऊन गेल्याचे राजेंद्रप्रसादांनी समारोपाच्या भाषणात समाधानाने नोंदवले. हैदराबादच्या १६ जागा मात्र तशाच राहिल्या. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगातून सुटलेले होते, लष्करी प्रशासनाच्या हाती संस्थान होते आणि सोळा माणसे दिल्लीला पाठवायला एक वर्ष पुरले नसते, असे मला पटत नाही.

मग संमती कोणी दिली? ज्याच्या राज्याविरुद्ध लोक लढले, त्याच निजामाने दिली. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याने फर्मान काढून भारताची घटना संस्थानाला लागू होईल असे जाहीर केले. राज्यघटना स्वीकारण्याआधी तीन दिवस, एका राजाने, रयतेच्या वतीने. त्या फर्मानात एक अटही होती, की या निर्णयाला संस्थानातील जनतेची मान्यता तिच्या घटनासभेमार्फत घेतली जाईल. ती घटनासभा हैदराबादेत कधी भरलीच नाही. १९५२ मध्ये १७५ सदस्यांची विधानसभा निवडून आली आणि ती अट कागदावर तशीच राहून गेली. उलट मूळ राज्यघटनेच्या ३६६ व्या कलमात ‘राजप्रमुख’, म्हणजे अशा राज्याचा प्रमुख, या शब्दाची व्याख्या देताना हैदराबादच्या निजामाचा उल्लेख आला. १९५६ पर्यंत तो राजप्रमुख राहिला. निजामाला घटनेत नाव मिळाले. उमरखेडच्या कॅम्पात राहिलेल्यांना ‘लोक’ या एका शब्दात बसावे लागले.

एक गोष्ट स्पष्ट करते, कारण असे काही लिहिले की लगेच भलते अर्थ काढले जातात. राज्यघटनेविषयी माझ्या मनात किंतु नाही. न विचारता का होईना, तिने माझ्या आजीला जे दिले ते तिच्या आधी या मुलखात कोणी दिले नव्हते. १९५२ च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवरचे चित्र ओळखून आजीने मत टाकले आणि त्या दिवसाची गोष्ट ती तुळजापूरच्या यात्रेची सांगावी तशा थाटात सांगत असे. शिवाय, ही घटना मराठवाड्यात खऱ्या अर्थाने कोणी वाचली असेल, तर ती भीमनगरांनी. मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी बसली, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर आणि घटना समितीचे अध्यक्ष, आता राष्ट्रपती झालेले राजेंद्रप्रसाद, दोघेही औरंगाबादच्या मातीवर उभे होते. आमच्या गावात आजही कलमाचा आकडा तोंडपाठ सांगणारा माणूस शोधायचा तर तो बौद्धवाड्यातच सापडतो. ज्यांना सर्वांत कमी विचारले गेले होते त्यांनी ती सर्वांत आधी आपली मानली. तेव्हा माझी तक्रार घटनेविषयी नाही. विचारण्याची जी रीत तेव्हा आमच्यापर्यंत पोहोचली नाही, ती आजही पोहोचू दिली जात नाही, ही तक्रार आहे.

दर १७ सप्टेंबरला आपण ध्वज फडकवता. भाषणात रझाकार येतात, पोलीस ॲक्शन येते आणि गोष्ट तिथे संपते. त्यानंतरचे चौदा महिने, ज्यांत देशाची घटना कलमागून कलम ठरत होती आणि आमच्या जागा रिकाम्या होत्या, ते भाषणांतून गाळले जातात. मी शिकवत असताना मुलांच्या हाती असलेल्या पुस्तकांतही मला ते सापडले नाहीत. आमच्या तालुक्यातल्या वाचनालयात मी घटना समितीच्या चर्चांचे मराठी खंड मागितले, तर ग्रंथपालांनी ‘भारतीय राज्यघटना: प्रश्नोत्तरे’ असे स्पर्धा परीक्षेचे पुस्तक पुढे केले. त्यात त्यांचा दोष नाही, कपाटात तेवढेच होते. पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत आमच्या गावातल्या मुसलमान घरांवर जे ओढवले, तेही त्या भाषणांत नसते. विचारले न गेलेल्यांत तीही माणसे होती.

दुसरी तक्रार ३७१ व्या कलमाची. १९५० च्या मूळ घटनेत या क्रमांकाचे कलम ‘ब’ वर्गातील, म्हणजे जुन्या संस्थानांतून झालेल्या, राज्यांविषयी होते आणि त्या राज्यांची सरकारे दहा वर्षे राष्ट्रपतींच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली ठेवणारे होते. हैदराबाद त्यांतच होते. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने त्याच क्रमांकाखाली विदर्भ आणि मराठवाडा यांच्या विकास मंडळांची तरतूद आली, आणि अशा रीतीने ‘मराठवाडा’ हा शब्द राज्यघटनेत लिहिला गेला. शब्द कागदावर आल्यापासून मंडळ प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडले. त्या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती वाढवावी की नाही, मंडळाने काय चांगले केले आणि काय केले नाही, हे त्या वेळी या आठ जिल्ह्यांतल्या माणसांना कोणी विचारले नाही. टाळेबंदीचे दिवस होते, हे मान्य. पण टाळेबंदी उठल्यावरही आपल्यापैकी कोणी जिल्ह्याच्या ठिकाणी सभा घेऊन ‘तुमचे मत काय’ असे विचारल्याचे मला तरी आठवत नाही. मंडळ निरुपयोगी होते असे म्हणणारेही माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. तेही त्यांना कुठेतरी मांडता आले पाहिजे होते.

तिसरी विधेयकांची. १९४८ मध्ये, टपालाच्या काळात, मसुद्याला आठ महिने दिले गेले. आज मोबाइल खिशात असताना जमीन, पाणी, गायरान आणि ग्रामपंचायत यांना हात घालणारी विधेयके अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत मांडली जातात आणि गोंधळात मंजूर होतात, आणि आम्हाला ती दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कळतात. कायदा करण्यापूर्वी मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असे धोरण केंद्र सरकारने २०१४ मध्येच ठरवले होते. ते किती पाळले जाते, हे आपण सभागृहात बसता म्हणून आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

आणि चौथी त्या अंगठ्याची. ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावातला प्रत्येक मतदार ज्या सभेचा सदस्य आहे, प्रतिनिधी न पाठवता स्वतः जाऊन बसू शकतो, अशी आमच्या हाती असलेली ही एकच सभा. तिथे रिकाम्या जागेचा प्रश्नच येऊ नये. पण गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांत जे कमी असेल तेवढे लागतात, आणि तेवढी माणसे जमत नाहीत. मग शिपाई रजिस्टर काखेत मारून दारोदार फिरतो. ऊसतोडीला गेलेल्यांची नावे हजेरीत असतात. दोन गावे सोडून दिलेल्या लेकीची असतात. एका हजेरीत तर वर्षापूर्वी वारलेल्या माणसाचे नाव मी स्वतः पाहिले. नोटीस ग्रामपंचायतीच्या आतल्या भिंतीवर, मीटरच्या डब्याशेजारी लागते. महिलांची वेगळी सभा आधी घ्यायची असते. ती आमच्याकडे कधी झाली, हे गावातल्या बायकांना विचारले तर त्या एकमेकींकडे पाहतात. माणसे येत का नाहीत, याचे उत्तर फार अवघड नाही. आले तरी ठराव आधीच लिहिलेला असतो, हे एव्हाना सर्वांना ठाऊक झाले आहे.

याला आपण जबाबदार कसे, असे विचाराल तर आपल्या निधीतल्या कामांचे ठरावही याच रजिस्टरातून येतात. आपल्या कार्यालयाला ठराव हवा असतो आणि ‘लवकर पाठवा’ असा फोन येतो. तो ठराव करताना गावात किती माणसे जमली होती, हे आपल्याकडून एकदा जरी विचारले गेले असते, तरी शिपायाला दारोदार फिरावे लागले नसते.

आता मागण्या. त्या मी मुद्दाम आपल्या हातात असलेल्याच मागते आहे.

येत्या १७ सप्टेंबरला आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या ध्वजवंदनाच्या भाषणात त्या १६ जागांचा उल्लेख करावा. त्याला खर्च नाही. त्याबरोबर घटना समितीतल्या निवडक चर्चा, निदान नोव्हेंबर १९४८ मधली मसुद्यावरची सर्वसाधारण चर्चा, उद्देशिकेवरची चर्चा आणि २५ नोव्हेंबर १९४९ चे डॉ. आंबेडकरांचे भाषण, सोप्या मराठीत स्वस्त पुस्तिका म्हणून छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि शाळेत पोहोचवावीत. चकचकीत कागद नको, आमच्याकडे त्यावर पेनाने खुणा करता येत नाहीत.

१९४० च्या आधी जन्मलेली जी माणसे आज आठ जिल्ह्यांत हयात आहेत, त्यांच्या १९४८ ते १९५२ च्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे, आणि त्यात सर्व जातींची, सर्व धर्मांची आणि विशेषतः बायकांची नोंद व्हावी. या कामाला पुढच्या वर्षीची वाट पाहता येणार नाही. माझी आजी २०११ मध्ये गेली आणि तिची एकही ओळ माझ्याकडे मुद्रित नाही.

३७१(२) खालच्या मंडळाविषयी पुढे जो काही निर्णय घ्यायचा असेल तो घेण्यापूर्वी आठही जिल्ह्यांत आपण स्वतः उपस्थित राहून जाहीर सुनावणी घ्यावी, आणि तिथे आलेली निवेदने, विरोधातली धरून, विधिमंडळाच्या पटलावर ठेवावीत. जमीन, पाणी आणि स्थानिक स्वराज्य यांविषयीच्या प्रत्येक विधेयकाचा मराठी मसुदा ३० दिवस आधी तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध झाला पाहिजे, असा आग्रह आपण पक्ष विसरून एकत्र धरावा. ४६ आमदारांनी एकत्र आग्रह धरला तर कोणत्याही सरकारला तो ऐकावा लागतो.

आणि ग्रामसभेविषयी एवढेच, की ज्या ठरावाबरोबर सभेचे चित्रीकरण आणि जागेवर घेतलेली हजेरी नाही, तो ठराव आपल्या निधीसाठी स्वीकारणार नाही असे आपण लेखी जाहीर करावे. वर्षातून एका ग्रामसभेला, आपल्या मतदारसंघातल्या कोणत्याही एका गावात, आगाऊ न कळवता येऊन मागच्या सतरंजीवर बसावे. हारतुरे नकोत, माइकही नको.

हे पत्र मी आपल्या सर्वांच्या कार्यालयीन पत्त्यांवर पोस्टाने पाठवते आहे. उत्तर एकत्र द्यायला अडचण असेल तर स्वतंत्रपणे द्यावे, एका ओळीचे असले तरी चालेल, पण सही आपली असावी.

सातवीतल्या त्या मुलीला मी टिपण वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले आणि पुढची ग्रामसभा कधी आहे असे विचारले. तिला मत नाही, पण मागे उभे राहून ऐकायला कोणाची हरकत नसावी. मी तिला बरोबर नेणार आहे. हजेरीवर मी सही तिथेच करीन, तीही ठराव मोठ्याने वाचून झाल्यावर.

आपली,
पैनगंगाकाठची एक निवृत्त शिक्षिका,
ता. हदगाव, जि. नांदेड